पॉल मॅकार्टनी १९६६ मध्येच वारला का? ‘तोतया पॉल’विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीटल्स म्हणजे १९६० च्या दशकातला लिव्हरपूलच्या चौघांचा बँड, पॉल त्यातला एक. बीटल्स ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पॉल वारल्याची ही गोष्ट कधी ना कधी येतेच. माझ्या कानावर ती हॉस्टेलच्या गच्चीवर आली, रात्री दीडच्या सुमाराला, आणि पुढे कित्येक महिने ‘अ‍ॅबी रोड’ या त्यांच्या अल्बमचं कव्हर मला नुसतं कव्हर म्हणून बघता येईना. त्यानंतरची वीसेक वर्षं मी ही गाणी ऐकत आलो आहे. नव्याने ऐकायला लागलेली मुलं मला तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

ही अफवा नेमकी आहे तरी काय?

गोष्ट अशी सांगतात: ८ नोव्हेंबर १९६६, मंगळवारची रात्र. स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू असताना बाकीच्यांशी भांडण होऊन पॉल रागारागाने बाहेर पडला. बुधवारी पहाटे पाच वाजता त्याच्या गाडीला अपघात झाला आणि तो जागीच गेला. बातमी फुटली तर सगळंच कोसळेल, म्हणून पॉलसारख्या दिसणाऱ्या एका तरुणाला गुपचूप त्याच्या जागी आणलं गेलं. उरलेल्या तिघांना मात्र हे ओझं सहन होईना, म्हणून त्यांनी गाण्यांत आणि कव्हरांवर खुणा पेरायला सुरुवात केली. हे खरं मानणारे त्या बदली माणसाला ‘फॉल’ म्हणतात, म्हणजे फॉल्स पॉल. आपल्याकडे त्यासाठी ‘तोतया’ हा शब्द तयारच आहे.

९ नोव्हेंबर १९६६ ला पॉल होता कुठे?

फ्रान्समध्ये. नकली मिशा लावून, गाडी चालवत, एकटाच भटकत होता.

गोष्टीचा पायाच इथे ढासळतो, त्यामुळे हे जरा तपशिलात सांगतो. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर बीटल्सनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला आणि चौघे चार दिशांना पांगले. जॉन लेनन सिनेमात काम करायला जर्मनी आणि स्पेनला गेला. जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला, सुरुवातीला ताज हॉटेलात उतरला आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात इंग्लंडला परतला. पॉल नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी घेऊन फ्रान्सला गेला. लोकांनी ओळखू नये म्हणून वेशांतर केलं होतं. बोर्दोमध्ये त्याला बीटल्सचा मदतनीस मॅल एव्हन्स भेटला. दोघं स्पेनमार्गे पुढे केनियाला गेले आणि १९ नोव्हेंबरला लंडनला परतले. परतीच्या विमानातच पॉलला एका काल्पनिक बँडच्या नावाने अख्खा अल्बम करायची कल्पना सुचली. तोच पुढे ‘सार्जंट पेपर’ झाला.

आणि ज्या रेकॉर्डिंगमधून तो भांडून निघाला म्हणतात, ते रेकॉर्डिंग त्या आठवड्यात नव्हतंच. ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमचं काम जूनमध्ये संपलं होतं आणि चौघे पुन्हा स्टुडिओत जमले ते थेट २४ नोव्हेंबरला.

मग अपघाताची गोष्ट आली कुठून? आगीशिवाय धूर कसा निघेल?

आग होती, पण ती दुसऱ्याच घरी लागली होती. त्या घराचं नाव या गोष्टीत कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२६ डिसेंबर १९६५ ला लिव्हरपूलमध्ये पॉल मोपेडवरून पडला. ओठ फाटला, समोरच्या दाताचा तुकडा उडाला. १९६६ च्या मे महिन्यात चित्रित झालेल्या ‘रेन’ या गाण्याच्या फिल्ममध्ये तो तुटका दात स्पष्ट दिसतो. त्या वेळी त्याच्यासोबत दुसऱ्या मोपेडवर टारा ब्राउन नावाचा तरुण मित्र होता, गिनेस बिअरवाल्या घराण्यातला. पुढे वर्ष पुरतं सरायच्या आत, १८ डिसेंबर १९६६ ला, लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात टाराची लोटस गाडी धडकली आणि तो गेला. वय अवघं एकवीस. जॉनने पेपरात त्याच्याविषयीची बातमी वाचली आणि ती ‘अ डे इन द लाइफ’ या गाण्याच्या सुरुवातीत उतरली.

लगेच जानेवारी १९६७ मध्ये लंडनमध्ये कुजबुज सुरू झाली की पॉल एम-१ महामार्गावर अपघातात गेला. बीटल्सच्याच मासिकाने फेब्रुवारीच्या अंकात ती खोडून काढली. पॉलची काळी मिनी कूपर गॅरेजमध्ये उभी होती आणि पॉल घरी होता.

म्हणजे एक खरा मोपेडचा अपघात, ओठावरचा एक खरा व्रण, एका मित्राचा खरा मृत्यू आणि त्यावरचं एक गाणं. या सगळ्याची सरमिसळ होऊन तीन वर्षांनी ‘पॉलचा मृत्यू’ तयार झाला. जो मुलगा खरोखर गेला, तो त्यात पुसलाच गेला.

अफवा जगभर कधी पसरली?

१९६९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि तीही इंग्लंडमधून नव्हे, अमेरिकेतल्या कॉलेजांतून.

१७ सप्टेंबरला आयोवातल्या ड्रेक विद्यापीठाच्या विद्यार्थी-वृत्तपत्रात पॉल जिवंत आहे का असा सवाल करणारा लेख आला. १२ ऑक्टोबरला डेट्रॉइटच्या डब्ल्यूकेएनआर रेडिओवर रस गिब नावाच्या निवेदकाला एका श्रोत्याचा फोन आला: बीटल्सचं ‘रिव्होल्यूशन ९’ उलटं वाजवून बघा. गिबने कार्यक्रम चालू असतानाच ते वाजवलं आणि फोनची रीघ लागली. दोनच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, मिशिगन विद्यापीठाच्या ‘मिशिगन डेली’त फ्रेड लाबोर या विद्यार्थ्याचा लांबलचक लेख छापून आला आणि मग गोष्ट कुणाच्या हातात राहिली नाही. २१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसी रेडिओवर रॉबी याँग या निवेदकाने मध्यरात्री हा विषय काढला, तेव्हा त्याला चालू कार्यक्रमातून उठवण्यात आलं. ऐकणाऱ्यांना वाटलं, बघा, दडपताहेत!

तो काळही लक्षात घ्या. केनेडींच्या हत्येच्या सरकारी अहवालावर लोकांचा विश्वास बसला नव्हता, व्हिएतनाममध्ये रोज पोरं मरत होती आणि सरकार सांगतंय ते खरं नाही ही भावना कॉलेजांतून मुरलेली होती. त्यात बीटल्स तीन वर्षं रंगमंचावर दिसले नव्हते. माणूस डोळ्यांसमोर नसला की त्याच्याविषयी काहीही सांगता येतं.

विल्यम कॅम्बेल हा तोतया खरोखर होता का?

नव्हता. हे नाव फ्रेड लाबोरने बनवलं. त्याच्याकडे ‘अ‍ॅबी रोड’चं परीक्षण लिहायचं काम होतं. गिबचा कार्यक्रम ऐकल्यावर त्याने परीक्षणाच्या जागी पॉलच्या मृत्यूची ‘बातमी’ लिहिली आणि कित्येक खुणा स्वतः रचून तिच्यात घातल्या. तोतयाला आधी तो ग्लेन कॅम्बेल म्हणणार होता, पण त्या नावाचा नामांकित गायक असल्याने ते विल्यम झालं. हे लाबोरने पुढे उघडपणे सांगितलं आहे.

त्याच्या हकिकतीतला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन टीव्हीसाठी एक खोटा खटला भरवला गेला. प्रसिद्ध वकील एफ. ली बेली साक्षीदारांची उलटतपासणी करणार होते. लाबोरने चित्रीकरणाआधीच बेलींना सांगून टाकलं की हे सगळं माझ्या मनचं आहे. त्यावर बेलींचं म्हणणं पडलं, तासाभराचा कार्यक्रम भरायचाय, तेव्हा आता निभावून ने. खरं काय ते त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

लाबोर पुढे स्वतःच संगीतकार झाला. ‘रायडर्स इन द स्काय’ या बँडमध्ये तो ‘टू स्लिम’ या नावाने बास, म्हणजे खर्जाच्या सुरांचं तंतुवाद्य, वाजवतो. वाद्यही पॉलचंच.

‘अ‍ॅबी रोड’च्या कव्हरवर पॉल अनवाणी का आहे?

८ ऑगस्ट १९६९ चा दिवस, लंडनचा उन्हाळा. चौघे झेब्रा क्रॉसिंगवरून रस्ता ओलांडताहेत असा फोटो काढायचा होता. पॉल सँडल घालून आला होता, ते त्याने काढून ठेवले. छायाचित्रकार इयन मॅकमिलन शिडीवर उभा, पोलिसाने रहदारी थोपवून धरलेली, हाताशी दहाएक मिनिटं. एकूण सहा फोटो निघाले. पहिल्या दोनांत पॉलच्या पायांत सँडल आहेत, नंतरच्यांत नाहीत. चौघांची पावलं जुळलेली दिसली म्हणून पाचवा फोटो निवडला गेला. सँडलवाला फोटो निवडला असता तर ही खूण जन्मालाच आली नसती.

मानणारे यात अंत्ययात्रा बघतात: पांढऱ्या कपड्यांतला जॉन धर्मगुरू, काळ्या सुटातला ड्रमर रिंगो अंत्यविधीची व्यवस्था बघणारा, डेनिममधला जॉर्ज कबर खोदणारा आणि अनवाणी पॉल म्हणजे प्रेत. आपल्या डोळ्यांना हेच चित्र वेगळं दिसतं. आपल्याकडे मयताला पांढरे कपडे घालून जातात, तेव्हा शोकात असलेला जॉन ठरेल. आणि अनवाणी माणूस बघून आपल्याला देऊळ आठवेल. खूण कुठली आणि तिचा अर्थ काय, हे बघणाऱ्याच्या घरावर अवलंबून असतं.

पॉल डावखुरा असून सिगारेट उजव्या हातात धरतो, हीही खूण मानली गेली. ओळखीतल्या चार डावखुऱ्यांकडे नीट बघा.

आणि त्याच कव्हरवरची ती फोक्सवॅगन? तिच्या पाटीवरचं ‘२८ इफ’, म्हणजे जगला असता तर अठ्ठावीस वर्षांचा?

नंबर पाटीवर ‘इफ’ नाहीच. पाटी आहे एल एम डब्ल्यू २८१ एफ. दोनशे एक्क्याऐंशीतला एकचा आकडा इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा दिसतो, एवढंच. शेवटचा ‘एफ’ गाडीचं नोंदणीवर्ष सांगतो, ऑगस्ट १९६७ ते जुलै १९६८ दरम्यानचं. त्या वर्षी नोंदवलेल्या इंग्लंडमधल्या बहुतेक सगळ्या गाड्यांच्या पाटीला शेवटी एफ होता. गाडी समोरच्या इमारतीत राहणाऱ्या कुणाची तरी होती. अफवा पसरल्यावर तिची पाटी पुन्हा पुन्हा चोरीला जाऊ लागली.

शिवाय पॉलचा जन्म १८ जून १९४२ चा. अल्बम आला २६ सप्टेंबर १९६९ ला. तेव्हा तो सत्तावीस पूर्ण होता. ही चूक दाखवून दिली तेव्हा काहींनी चक्क भारताला साक्षीला बोलावलं: पूर्वेकडे म्हणे वय गर्भापासून मोजतात! आपल्या आज्या ‘अठ्ठाविसावं लागलं’ म्हणायच्या हे खरं, पण त्या चालू वर्ष सांगायच्या. त्याचा गर्भाशी संबंध नव्हता आणि लंडनच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या फोक्सवॅगनशी तर नव्हताच नव्हता.

‘सार्जंट पेपर’च्या कव्हरवर खरंच कबर आहे?

फुलांचा ताटवा आहे. त्यात पिवळ्या फुलांनी काढलेली गिटार आहे, ती बघणाऱ्यांना पॉलचा तीन तारांचा बास दिसते. आतल्या फोटोत पॉलच्या बाहीवर ‘ओपीडी’ लिहिलंय आणि त्याचा अर्थ ‘ऑफिशियली प्रोनाउन्स्ड डेड’, म्हणजे ‘अधिकृतपणे मृत घोषित’, असं म्हणतात. वस्त्राची घडी पडल्याने शेवटचं अक्षर डी वाटतं, पण ते पी आहे. तो कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या पोलिसांचा बिल्ला आहे. मधल्या ढोलावरच्या अक्षरांना आरसा धरला की ‘११ ९ ही डाय’ असं काहीसं वाचता येतं, म्हणजे ९ नोव्हेंबर. पण महिना आधी आणि तारीख नंतर ही अमेरिकेची पद्धत. इंग्रज माणूस तुमच्या-माझ्यासारखी तारीख आधी लिहितो. लिव्हरपूलच्या मुलांनी ही खूण ठेवली असती, तर तिचा अर्थ ११ सप्टेंबर झाला असता.

या कव्हरवरून खरोखरच एक माणूस काढून टाकला गेला होता, आणि त्याचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. महात्मा गांधींचं चित्र गर्दीत उभं करायचं ठरलं होतं. भारतात लोकांच्या भावना दुखावतील, रेकॉर्ड विकणं कठीण होईल, या भीतीने ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या अध्यक्षांनी ते काढायला लावलं. जॉर्जने निवडलेले परमहंस योगानंद, युक्तेश्वर गिरी, लाहिरी महाशय आणि महावतार बाबाजी मात्र आजही त्या गर्दीत आहेत. शोधून बघा. तोतयाच्या खुणा शोधण्यात गेलेल्या रात्रींपेक्षा तो शोध मला कितीतरी जास्त आनंद देऊन गेला.

गाणी उलटी वाजवल्यावर खरंच काही ऐकू येतं का?

येतं. पण काय ऐकायचं हे आधी कुणीतरी सांगितलेलं असेल तर.

‘रिव्होल्यूशन ९’ मध्ये एक आवाज ‘नंबर नाइन’ असं पुन्हा पुन्हा म्हणतो. ते उलटं केलं की ‘टर्न मी ऑन, डेड मॅन’ असं ऐकू येतं म्हणतात. मी हा प्रयोग घरच्यांवर आणि मित्रांवर केला. ज्यांना वाक्य आधी सांगितलं होतं, त्यांना ते लख्ख ऐकू आलं. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यातल्या एकालाही आलं नाही. एकीला तर ते अरबी वाटलं. वाक्य सांगितल्यावर मात्र त्यांनाही दुसरं काही ऐकू येईना. कान रिकामे नसतात. मेंदू अर्धवट आवाजांतून ओळखीचे शब्द बनवतो. पंख्याच्या घरघरीत आपल्याला हाक ऐकू येते ती अशीच.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट सहज कळेल. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य आपण लहानपणी उलटसुलट वाचलेलं आहे. आता ते मोबाइलवर रेकॉर्ड करून एखाद्या अ‍ॅपमध्ये उलटं वाजवा. ‘चिमा काय कामाची’ ऐकू येणार नाही. कारण लिपीत आपण अक्षरं उलटवतो, पण ध्वनीत ‘ची’मधला ‘ई’ आधी येतो आणि ‘च’ नंतर, तोही शेपटाकडून. बोलताना उलटा संदेश लपवायचा असेल तर केवढं कठीण आहे, ते यावरून लक्षात येतं.

१९६९ मध्ये गाणी उलटी वाजवणाऱ्या त्या मुलांना मी वेड्यात काढणार नाही, कारण बीटल्सनी उलटे आवाज खरोखरच वापरले होते. ‘रेन’च्या शेवटी जॉनचा आवाज उलटा लावलेला आहे. ‘सार्जंट पेपर’च्या शेवटच्या खाचेत कुत्र्यांना ऐकू जाईल अशी अतिउंच सुरातली शिट्टी आणि अर्थहीन बडबड आहे. इतकं बारीक काम केलेल्या रेकॉर्ड इतक्या बारकाईने ऐकल्या गेल्या, यात त्या ऐकणाऱ्यांचं प्रेमच दिसतं.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’च्या शेवटी जॉन ‘आय बरीड पॉल’ (मी पॉलला पुरलं) म्हणतो ना?

‘क्रॅनबेरी सॉस’ म्हणतो. १९९६ च्या ‘अँथॉलॉजी २’ मध्ये त्याच गाण्याचा वेगळा टेक आहे, त्यात ते स्वच्छ ऐकू येतं.

वॉलरस म्हणजे ग्रीकमध्ये प्रेत?

नाही. जॉनच्या ‘आय अ‍ॅम द वॉलरस’ या गाण्यातला वॉलरस लुईस कॅरलच्या कवितेतला आहे. लोक आपल्या गाण्यांत भलतेसलते अर्थ शोधतात हे बघून जॉनने १९६८ च्या ‘ग्लास अनियन’मध्ये मुद्दामच ‘वॉलरस म्हणजे पॉल’ अशी ओळ टाकली. तिचाही पुरावा झाला.

१९६६ च्या आधीचा आणि नंतरचा चेहरा मला तरी वेगळा वाटतो.

मलाही वाटायचा. मिशा आल्या (ओठावरचा व्रण झाकायला त्या सोयीच्याच होत्या), केस बदलले, गालांवरचं कोवळेपण गेलं. चोविसाव्या आणि सत्ताविसाव्या वर्षीचे स्वतःचे फोटो शेजारी ठेवून बघा. त्यात कॅमेऱ्याची भिंगं वेगवेगळी. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान आत गेलेले दिसतात, लांबून झूम करून काढला तर चेहरा रुंद दिसतो.

२००९ मध्ये ‘वायर्ड’च्या इटालियन आवृत्तीत दोन न्यायवैद्यक तज्ज्ञांनी फोटोंवरून कवटीची आणि जबड्याची मापं घेतली आणि शंका व्यक्त केली, म्हणून हा पुरावा सारखा पुढे केला जातो. पण ही मापं छापलेल्या फोटोंवरची आहेत. डोकं जरासं कललं, हनुवटी थोडी वर झाली, तरी ती बदलतात. भिंग कुठलं, अंतर किती, हे माहीत नसताना मिलिमीटरच्या फरकावरून माणूस बदलल्याचं ठरवणं मला पटत नाही.

आवाज आणि वादन? ‘सार्जंट पेपर’पासून बास एकदम सुधारला असं म्हणतात.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण यासाठी गाणी ऐकावी लागतात.

बदल खरा आहे. पण तो आला रेकॉर्डिंगच्या पद्धतीतून. पूर्वी बास बाकीच्यांसोबतच वाजवला जायचा. ‘सार्जंट पेपर’च्या वेळी पॉल बहुतेकदा बाकी गाणं तयार झाल्यावर, रात्री उशिरा, वेगळ्या ट्रॅकवर बास भरू लागला. गाणं पूर्ण समोर असल्याने तो बासवर नुसता ठेका न धरता दुसरी चाल विणू शकला. आणि याची सुरुवात ‘अपघाता’आधीच झालेली आहे. १९६६ च्या एप्रिलमधलं ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’ हेडफोनवर ऐका. ‘रेन’मध्ये बास वरच्या सुरांत चढतो, मध्येच एका सुरावर ठाण मांडतो, आणि गाणं त्याच्या भोवती फिरतं. हाच हात ‘अ‍ॅबी रोड’मधल्या ‘समथिंग’मध्ये ऐकू येतो.

आता तोतयाकडे काय काय असायला हवं ते बघा. तो डावखुरा हवा. लिटल रिचर्ड या अमेरिकन रॉक गायकाच्या धाटणीत घसा फाडून ओरडता यायला हवं आणि दुसऱ्या मिनिटाला मखमली आवाजात गाता यायला हवं. जुन्या पॉलने हे एकाच दिवशी करून दाखवलं होतं: १४ जून १९६५ ला ‘आय’म डाउन’ आणि ‘यस्टरडे’ दोन्ही रेकॉर्ड झाली. ‘नव्या’ पॉलने ‘हेल्टर स्केल्टर’ आणि ‘ब्लॅकबर्ड’ एकाच अल्बमवर गायली. त्याला पियानो, गिटार आणि गरज पडल्यास ड्रमही वाजवता यायला हवेत. आणि वर त्याने ‘पेनी लेन’, ‘हे ज्यूड’, ‘लेट इट बी’ लिहायला हवं. असा माणूस कुठे सापडला असता, तर त्याने दुसऱ्याच्या नावाने का जगावं?

डिसेंबर १९६६ मध्ये रेकॉर्ड झालेलं ‘व्हेन आय’म सिक्स्टी-फोर’ तर पॉलने विशीच्याही आधी, लिव्हरपूलच्या घरात रचलेलं होतं. कथित अपघातानंतर महिन्याभरात ते तो निवांत गातोय.

घरच्यांचं काय? त्यांना कळलं नसतं?

या प्रश्नापाशी मला वाटतं सगळ्यांनी थांबावं. वडील जिम १९७६ पर्यंत जगले. धाकटा भाऊ माइक होता, आत्या होत्या, चुलतभावंडं होती. जेन अ‍ॅशर ही त्याची मैत्रीण १९६३ पासून त्याच्यासोबत होती, आणि तिच्या आईवडिलांच्या घरी तो दोन वर्षांहून जास्त राहिला होता. १९६७ च्या नाताळात तिने त्याच्याशी साखरपुडा केला. तोतयाशी? आईविना वाढलेल्या मुलाच्या जागी परका माणूस आला आणि बाप गप्प राहिला, असं आपण कुणाविषयी इतक्या सहज कसं म्हणतो?

१९६८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पॉल आणि जेन ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहिले. तिथे गायक डोनोव्हन होता, ज्याने १९६६ मध्ये ‘यलो सबमरीन’च्या शब्दांत पॉलला हातभार लावला होता. एकाच आवारात राहणं, एकत्र जेवणं, दिवसभर हातात गिटारी. तिथे सोंग किती दिवस टिकलं असतं?

पॉल स्वतः काय म्हणाला?

ऑक्टोबर १९६९ मध्ये तो स्कॉटलंडमधल्या किनटायरच्या आपल्या शेतावर होता. मुलगी मेरी जेमतेम दोन महिन्यांची होती. २० सप्टेंबरलाच जॉनने बँड सोडत असल्याचं बाकीच्यांना सांगितलं होतं आणि ती गोष्ट बाहेर फुटू द्यायची नव्हती. पॉल आतून मोडला होता. अशात ‘लाइफ’ मासिकाची माणसं चिखल तुडवत दारात आली. त्याने संतापून त्यांच्यावर बादलीभर पाणी फेकलं, फोटोही निघाला. मग तो शांत झाला, तो रोल परत घेतला आणि त्याबदल्यात मुलाखत आणि कुटुंबासह फोटो दिला. ७ नोव्हेंबरच्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो फोटो आला: पॉल आपल्यातच आहे.

त्या मुलाखतीत त्याने आणखी एक गोष्ट सांगून टाकली होती, बीटल्स हे प्रकरण आता संपलं आहे. पाच महिन्यांनी जी बातमी जगाला हादरवणार होती, ती तिथे छापलेली होती. तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, सगळे तो जिवंत आहे का एवढंच तपासत होते.

१९९३ मध्ये त्याने ‘पॉल इज लाइव्ह’ नावाचा अल्बम काढला. त्याच झेब्रा क्रॉसिंगवर, सोबत कुत्रा, आणि गाडीच्या पाटीवर ‘५१ इज’. त्या वर्षी तो एक्कावन्न वर्षांचा झाला होता.

रिंगोने म्हणे शेवटी कबुली दिली?

२०१५ मध्ये एका विडंबन-संकेतस्थळाने तशी बनावट बातमी लिहिली. ती अजून फिरते आहे.

असं फक्त पॉलच्याच बाबतीत झालं का?

नाही. कॅनडाची गायिका अ‍ॅव्हरिल लविन हिच्याविषयीही हेच सांगतात: ती गेली आणि तिच्या जागी मेलिसा आली. २०११ च्या एका ब्राझिलियन ब्लॉगमधून हे पसरलं. अशी थिअरी किती खरी वाटू शकते हे दाखवायला आपण हे लिहितोय, असं त्या ब्लॉगवरच म्हटलेलं होतं. ते वाक्य कुणी पुढे पाठवलं नाही.

आपल्याकडची जुनी गोष्ट याच्या अगदी उलटी आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण तो मृत्यू पुण्याच्या गळी उतरला नाही. पार्वतीबाईंनी सौभाग्यालंकार उतरवले नाहीत. मग मीच भाऊसाहेब म्हणणारा एक माणूस उभा राहिला, त्याने कोकणातले किल्ले घेतले, हजारो लोक त्याच्यामागे गेले. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. तिथे गेलेल्याला जिवंत मानलं गेलं, इथे जिवंताला गेलेला. पण भाऊंच्या तोतयाची शहानिशा करायला ज्यांनी भाऊंना पाहिलं होतं अशा माणसांना पुढे बोलावलं गेलं. पॉलला लहानपणापासून ओळखणारी माणसं तर आपणहून सांगत होती, हा तोच आहे.

शंका फिटायला एकच गोष्ट ऐकायची असेल तर कुठली ऐकू?

‘वन आफ्टर ९०९’. जॉन आणि पॉलने शाळकरी वयात रचलेलं गाणं. ५ मार्च १९६३ ला त्यांनी ते रेकॉर्ड करायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. ते टेक १९९५ मध्ये ‘अँथॉलॉजी १’ वर आले. त्यात पॉलकडे पिक (तार छेडायची पट्टी) नाही, ते बॅगेत राहिलंय, म्हणून वाजवणं अडतं आणि जॉन त्याच्यावर डाफरतो, तेही ऐकू येतं.

मग ३० जानेवारी १९६९, लंडन, सॅव्हिल रोवरच्या बीटल्सच्या ऑफिसची गच्ची, बोचरी थंडी. तेच गाणं. २०२१ मध्ये आलेल्या ‘गेट बॅक’ माहितीपटात ते पूर्ण दिसतं. दोघे शेजारी उभे राहून पोरवयातले शब्द एका सुरात गातात, जॉन पॉलकडे बघतो आणि हसतो. वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसलेल्या माणसाकडे बघून हसतात, तसं.

आधी १९६३ चं ऐका, मग गच्चीवरचं. हेडफोन लावून.